आजीचं औषध मेक्सिकोचं

दगडीपाला तुम्ही पाहिलेला आहे. नाव माहीत नसेल कदाचित, पण पाहिलाय याची मला खात्री आहे. ठाकुर्लीला लोकल रेंगाळते तेव्हा दारातून खाली बघा, रुळांच्या पलीकडे भिंतीच्या कडेला. किंवा सोसायटीच्या पार्किंगमागे. किंवा फुटपाथच्या फरशा जिथे उचकटल्यात तिथे (म्हणजे सगळीकडेच!). जमिनीलगत पसरलेलं रोपटं, कडा कातरलेली खरखरीत केसाळ पानं, आणि त्यातून वर आलेली वीतभर लांब, बारीक, सरळ दांडी. दांडीच्या टोकाला एकच फूल. मधे पिवळं, भोवती चार-सहा फिकट पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला कात्रीने मारल्यासारख्या खाचा. या एकट्या दांडीमुळेच त्याला एकदांडी म्हणत असावेत. कुठे कंबरमोडी म्हणतात. आमच्याकडे दगडीपाला.

आमच्याकडे म्हणजे मुरबाडकडे. बाबा नोकरीसाठी डोंबिवलीत आले आणि मी इथेच वाढले, पण आजी अजून गावी असते. भातशेती, त्यामुळे कोयता, विळा, काटे, बांधावरचे दगड हे रोजचंच. कुणाला काही लागलं की आजीची कृती ठरलेली. बांधावरून मूठभर पाला खुडायचा, तळहातावर चोळायचा, हिरवागार रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबायचा आणि चिंधी बांधायची. झोंबतं भरपूर. पण रक्त थांबतं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत माझे दोन्ही गुडघे कायम हिरवे असायचे :-)

महाराष्ट्रात तुम्ही कुठल्याही गावी जा, जखमेवर दगडीपाला हे जवळपास सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच हे 'आपलं परंपरागत औषध' आहे, हजारो वर्षांपासून चालत आलंय, ऋषीमुनींनी शोधलंय वगैरे आपण गृहीत धरतो. मीही धरलं होतं. आणि मग एका रविवारी नेटवर त्याचं शास्त्रीय नाव शोधलं. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळ ठिकाण: मेक्सिको आणि मध्य अमेरिका.

हे वाचून मी खुर्चीतच सावरून बसले.

लिनियस नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडाला हे नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोरचा नमुना मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा होता. भारतात ते नक्की कुठल्या जहाजातून उतरलं ते कोण सांगणार! बी पिसासारखं हलकं, केसाळ शेपूट असलेलं. वाऱ्यावर उडतं, कपड्यांना चिकटतं, मालाबरोबर प्रवास करतं. १८८१ च्या सुमाराला मात्र ते इथल्या वनस्पतींच्या नोंदीत आलेलं दिसतं, हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. म्हणजे त्याआधी हे झाड आपल्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. चरकाने ते पाहिलं नाही, सुश्रुताने पाहिलं नाही. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी पाहिलं असेल का? कदाचित हो, कदाचित नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मिरचीही तिकडचीच. बटाटा, पेरू, सीताफळ, शेंगदाणे सगळे तिकडचेच. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण लावतो, तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचा! खरंय. पण खाणं वेगळं आणि औषध वेगळं. बटाटा चविष्ट आहे हे कळायला एक घास पुरतो. एखाद्या अनोळखी रानटी झुडपाचा रस उघड्या जखमेवर पिळायचा, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?

मला तो माणूस (किंवा बहुतेक ती बाई) फार आवडतो. माझं कामच टेस्टिंगचं आहे. ऐरोलीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार मिळतो. त्यामुळे या गोष्टीकडे मी टेस्टरच्याच नजरेने बघते. बांधावर एक नवीन तण आलं. पोथीत त्याचा उल्लेख नाही, वैद्याला माहीत नाही. कुणीतरी ते चोळून बघितलं, लावून बघितलं, दुसऱ्याला सांगितलं. दोनेकशे वर्षांत ही बातमी गावोगाव पोचली. ना पुस्तक, ना कंपनी, ना जाहिरात.

आणि हे आंधळेपणाने झालं असं म्हणावं तर एक उलटा पुरावा आहे. दगडीपाल्याच्याच कुळातलं, म्हणजे झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि अमेरिकेतूनच आलेलं दुसरं एक तण आपल्याकडे आहे. काँग्रेस गवत, उर्फ गाजर गवत. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात ते नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. तेही बांधावर, तेही फुकट, तेही हाताशी. पण आमच्या गावात कुणी काँग्रेस गवत जखमेवर बांधत नाही. कारण त्याने अंगावर पुरळ उठतं, परागकणांनी शिंका आणि दमा सुरू होतो, हे लोकांनी थोड्याच काळात ओळखलं. दोन परदेशी पाहुणे, एकाला घरात घेतलं, दुसऱ्याला उपटून फेकलं. याला मी तरी चाचणीच म्हणेन.

इथपर्यंत मी आजीच्या बाजूने आहे. पण टेस्टरचा पुढचा प्रश्न असतो: चाचणीत तपासलं काय, आणि तपासायचं राहिलं काय?

तपासलं ते एवढंच, की रक्त थांबतं का. थांबतं. आता त्यात पाल्याचा वाटा किती आणि दाबून धरण्याचा किती? छोट्या जखमेतलं रक्त स्वच्छ फडक्याने नुसतं दाबून धरलं तरी काही मिनिटांत थांबतंच. पाला लावताना आपण दाबतोही आणि बांधतोही. नुसतं दाबून एक गुडघा आणि पाला लावून दुसरा गुडघा, अशी तुलना आजीने केलेली नाही. (दोन्ही गुडघे माझेच असल्यामुळे सोय होती खरं तर!) प्रयोगशाळेत मात्र थोडं काम झालंय. १९८० च्या दशकात आपल्याच संशोधकांनी उंदरांच्या जखमांवर या पाल्याचा रस वापरून बघितला आणि इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चसारख्या नियतकालिकांत निष्कर्ष छापले. जखम भरून येण्यात, अगदी स्टिरॉइडमुळे भरणं मंदावलेल्या जखमेतही, काही फायदा दिसला होता. त्यानंतरही बरंच संशोधन झालं, पण बहुतेक सगळं प्राण्यांवर किंवा काचेच्या नळीत. म्हणजे आजी थापा मारत नव्हती. पाल्यात काहीतरी आहे.

पण जखम म्हणजे फक्त रक्त नाही.

आजीला एक मोठा भाऊ होता. ती सात-आठ वर्षांची असताना तो गेला. नांगराचा फाळ पायात घुसला होता. दगडीपाला बांधला, रक्त थांबलं, जखम वरून सुकली, तो पुन्हा कामालाही लागला. आठ-दहा दिवसांनी त्याला तोंड उघडता येईना. दातखीळ बसली. मग अंग धनुष्यासारखं मागे वाकायला लागलं. आजी हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, फक्त हाताने ती कमान करून दाखवते. धनुर्वात. शब्दातच सगळं चित्र आहे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं पडून असतात. उघड्या हवेत त्यांचं काही चालत नाही. खोल, अरुंद, हवा न पोचणारी जखम मिळाली की ते जागे होतात आणि एक विष तयार करतात, ते मज्जासंस्थेवर जातं. जखम झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते २१ दिवस जातात. तोपर्यंत वरची जखम भरलेलीही असू शकते. पाला ज्या मातीत वाढतो त्याच मातीत हे बीज असतं, आणि पाला कुणी साबणाने धुऊन लावत नाही.

आता हिशेब बघा. पहिल्या दिवशी रक्त थांबलं, त्याचं श्रेय पाल्याला मिळालं. दहाव्या दिवशी माणूस गेला, त्याचा दोष नशिबाला, बाहेरच्या बाधेला, देवाच्या कोपाला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर चाचणी पहिल्याच दिवशी 'पास' म्हणून बंद झाली आणि बग प्रॉडक्शनमध्ये दहा दिवसांनी फुटला. दोन्हींचा संबंध जोडणारी नोंदच कुठे नव्हती. परंपरेची आठवण अशीच चालते. जे वाचले ते नातवंडांना गोष्ट सांगतात. जे गेले ते सांगायला उरत नाहीत.

हे सगळं मला जुन्या काळातली गोष्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पण गेल्या गणपतीत बाबांची टाच कापली.

बाबा विसर्जनाला दरवर्षी अनवाणी जातात. त्या रात्री घरी आले, सोफ्यावर बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तर दारापासून सोफ्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठसे. एका पावलाचे. बाबांना पत्ताच नव्हता! टाच बघितली तर चांगला इंचभर चिरा. मी डॉक्टरांना फोन लावेपर्यंत ते लंगडत खाली गेले, पार्किंगमागून दगडीपाला खुडून आणला, चोळून दाबून बसले. पाच मिनिटांत रक्त थांबलं.

"बघ. झालं. डॉक्टर कशाला?"

"बाबा, तुम्हाला शुगर आहे."

"अगं, मला दुखत पण नाहीये."

त्यावरून आमची बरीच खडाजंगी झाली. आई मधे पडली, आणि दहा वाजता त्यांना रिक्षात घालून नेलं. आमचे फॅमिली डॉक्टर त्या दिवशी उशिरापर्यंत बसले होते. त्यांनी चोथा धुऊन काढला, जखम उघडून बघितली आणि चिमट्याने हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा बाहेर काढला. रक्त थांबलं होतं, जखम मिटत होती, आणि काच आतच होती.

बाबा तरी म्हणाले, "पण डॉक्टर, दुखत अजिबात नाही."

"तीच तर अडचण आहे काका," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी एक नायलॉनचा दोरा काढला. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला वेगवेगळ्या जागी त्या दोऱ्याचं टोक टेकवत गेले. कळलं की 'हो' म्हणायचं. आम्ही दोघी बघत होतो. दोरा टेकत होता, वाकत होता, आणि बाबा गप्प होते. बऱ्याच जागी गप्प होते. त्यांना वाटत होतं डॉक्टरांनी अजून सुरुवातच केलेली नाही. आईने माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. लागलेलं कळत नाही, जखम भरायला वेळ लागतो, आणि आत पू झाला तरी माणूस त्यावर चालत राहतो. बोट किंवा पाय कापावा लागण्याची पाळी बहुतेक वेळा अशाच एखाद्या क्षुल्लक जखमेपासून सुरू होते. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता. आजीच्या काळात बांधावर ज्यांनी या पाल्याची चाचणी घेतली, त्यांच्यात असे पाय किती असतील? दिवसभर चिखलात राबणारे, काटक, तरुण पाय होते ते. औषध तेच आहे, पण ज्याला लावायचं तो माणूस बदललाय.

आणि खरं तर औषधही तेच राहिलेलं नाही. मुरबाडच्या बांधावरचा पाला आणि आमच्या पार्किंगमागचा पाला दिसायला सारखेच. पण डोंबिवलीत एमआयडीसीच्या कृपेने २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडलाय आणि २०२० मध्ये एक अख्खा रस्ता गुलाबी झालाय. रुळांकडेचं गवत मारायला रेल्वे तणनाशक फवारते. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं, कुत्री फिरतात. त्या मातीतला पाला उघड्या जखमेवर? कोड तेच, पण एन्व्हायर्नमेंट वेगळं. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बाबांना इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. टाच बरी झाली. त्या तीन आठवड्यांत बाबांनी एक वाक्य किमान वीस वेळा ऐकवलं: "आम्ही लहानपणापासून हेच लावत आलो, मेलो का?" आणि शेवटचं अस्त्र, "आता आजीला जाऊन सांग, तुझं औषध खोटं म्हणून."

मग दिवाळीत गावी गेले तेव्हा मी आजीला खरंच सांगितलं. मेक्सिको, काच, दोरा, सगळं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती तांदूळ निवडत होती, तिने मान पण वर केली नाही.

"पाला रक्ताला. धनुर्वाताला सुई. हे मला काय सांगतेस?"

मग तिने जे सांगितलं ते बाबांनाही माहीत नव्हतं. धाकटी आत्या पोटात होती तेव्हा आरोग्य केंद्राची सिस्टर पहिल्यांदा गावात सुया घेऊन आली होती. बायका घाबरून घरात बसल्या. सुईने मूल पडतं म्हणे. आजी पदर खोचून सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली. "भावाला वाकलेला बघितलाय मी," एवढंच म्हणाली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. त्याआधी गावात बाळाच्या नाळेला चुलीतली राख लावत, तीही सिस्टरच्या सांगण्यावरून तिने बंद केली. ती राखही परंपराच होती. आजीने ती काढून टाकली आणि तिच्या जागी सुई ठेवली.

अशा गावोगावच्या रांगांचं काय झालं ते आकड्यांत दिसतं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर १००० जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच, ते जाणार नाहीत. म्हणून सुई थांबवता येत नाही.

त्यामुळे बाबांचं 'परंपरा' आणि आजीची परंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटायला लागलंय. बाबांनी गाव सोडलं तेव्हा जे होतं ते जसंच्या तसं उराशी धरून ठेवलंय. आपण शहरातले सगळेच थोडेफार असेच. व्हॉट्सॲपवर 'आजीबाईचा बटवा' फॉरवर्ड करताना आपल्याला वाटतं की बटवा एकदा भरला आणि बंद झाला. आजीचा बटवा मात्र कधी बंदच नव्हता. मेक्सिकोचं तण चांगलं निघालं, आत घेतलं. राख वाईट निघाली, बाहेर टाकली. सुई परदेशी की स्वदेशी हे तिने विचारलं नाही. जे तिच्या भावाला मिळालं नाही ते तिने आपल्या लेकरांना दिलं.

बाकी व्यवहाराचं बोलायचं तर मी ठरवलंय ते असं. गावी बांधावर खरचटलं आणि जवळ काहीच नसेल तर मी आजही दगडीपाला चोळेन, पाणी मिळालं की साबणाने धुऊन टाकेन. जखम खोल असेल, आत काही राहिल्याची शंका असेल, गंजका खिळा, काच, शेणमाती असेल, किंवा ज्याला लागलंय त्याला मधुमेह असेल, तर वाहत्या पाण्याखाली धुवायचं, स्वच्छ कापडाने दाबायचं आणि डॉक्टर गाठायचा. रक्त थांबलं म्हणून थांबायचं नाही. बाबा आता रोज रात्री आरशात तळवे बघतात, कुरकुरत का होईना. या वर्षी विसर्जनाला चप्पल घालायचीही त्यांनी कबुली दिली आहे, बघू.

आणि एक काम तुमच्यासाठी. शाळेत १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वाताचा डोस असतो (सरकारी कार्यक्रमात आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो). त्यानंतर मोठ्यांना साधारण दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात. आमच्या टीममध्ये मी विचारून बघितलं, नऊ जणांपैकी एकालाही आपला शेवटचा डोस आठवत नव्हता. तुम्हाला आठवतोय? आई-बाबांचा कधी झाला, विचारलंत कधी? आज रविवार आहे, फोन करायला वेळ आहे. विचाराच.